फलाटावरचा प्लेग

प्लेग म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुणे उभे राहते. रँडची समिती, घरांच्या झडत्या, गोरे सोजिर, २२ जून १८९७ ची रात्र, चाफेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. अलीकडे याच्या जोडीला सावित्रीबाईंचे स्मरणही होऊ लागले आहे. १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या प्लेगनेच गेल्या. हे स्मरण फार उशिरा सुरू झाले, पण झाले ते चांगले झाले. तरी या दोन्ही कथा पुण्याच्याच. रोग मुंबईत उतरला, पुण्यात गाजला आणि रँडच्या खुनाबरोबर जणू संपला, असा काहीसा समज शाळेच्या पुस्तकापासून चित्रपटापर्यंत सर्वत्र मुरलेला आहे. प्रत्यक्षात प्लेग त्यानंतर तीसेक वर्षे देशात राहिला आणि त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांतली फार मोठी संख्या खेड्यांची आणि तालुक्याच्या गावांची होती.

मी राहतो फैजपूरला. तापीच्या उत्तरेचा, केळीचा मुलूख. सावदा आणि निंभोरा ही जवळची स्टेशने, आणि त्यांच्यामागे भुसावळ. १८६० च्या दशकात लोहमार्ग आला तेव्हापासून भुसावळला दोन वाटा फुटतात. एक नागपूरमार्गे कलकत्त्याकडे जाते आणि दुसरी खांडव्यावरून उत्तरेला. मुंबईहून निघालेला माणूस हिंदुस्थानात कुठेही जायचा म्हटला, तर त्याच्या वाटेत खानदेश बहुधा असतोच. त्यामुळे इथे बसून प्लेगचा इतिहास वाचताना एक प्रश्न सारखा डोके वर काढतो. या सगळ्या पुस्तकांत प्रवासी कुठे आहे?

हा प्रश्न मला नीट शब्दांत मांडता आला तो एका भलत्याच पुस्तकामुळे. क्लिफर्ड रोझेनबर्ग या अमेरिकन इतिहासकाराचे ‘पोलिसिंग पॅरिस’ हे पुस्तक २००६ साली निघाले. विषय दोन महायुद्धांमधले पॅरिस आणि तिथे कामाला आलेले परके लोक. त्यात हिंदुस्थान नाही, मुंबई नाही, प्लेगही नाही. असे पुस्तक केळीच्या मुलखातल्या माणसाने का वाचावे, असे कुणी विचारील. माझ्यासारख्याला विद्यापीठाचा अभ्यासक्रम नसतो, हाताला लागेल त्या धाग्याने पुढे जायचे असते. धागा होता तो पाश्चर इन्स्टिट्यूटचा. त्याच्याकडे पुढे येतोच.

रोझेनबर्ग काय सांगतो ते थोडक्यात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तरुण पिढी कापली गेली आणि कारखान्यांना माणसे हवी झाली. पोलंड, इटली इथून माणसे आली, तशी अल्जीरियातूनही आली. युद्धकाळातच, १९१७ साली, परदेशी माणसाला ओळखपत्र सक्तीचे झाले. पण अल्जीरियाचा मुसलमान मजूर परदेशी नव्हता. तो फ्रान्सचा प्रजाजन होता, मात्र पूर्ण नागरिक नव्हता. कायद्याने त्याला हाकलता येईना आणि मनाने त्याला आपला म्हणता येईना. मग १९२५ साली पॅरिसमध्ये उत्तर आफ्रिकेच्या लोकांसाठी एक वेगळी यंत्रणा उभी राहिली. र्‍यू लकोंत नावाच्या रस्त्यावरच्या या कचेरीत पोलिसांची तुकडी होती, काम मिळवून देणारे कारकून होते आणि दवाखानाही होता. ज्या दारातून औषध मिळायचे त्याच दारातून नाव नोंदले जायचे. पुढे १९३५ साली शहराबाहेर बोबिन्यी इथे खास या लोकांसाठी ‘फ्रँको-मुस्लिम इस्पितळ’ उघडले. दरवाजा मूरिश धाटणीचा, बाहेरून पाहावे तर पाहुणचार. आत त्यामागे शहराची भीती होती. हे लोक क्षय आणि गुप्तरोग घेऊन येतात, त्यांना आमच्या इस्पितळांत खाटा नकोत.

रोझेनबर्गचे खरे काम मला वाटते ते हे. काळजी आणि पाळत या दोन गोष्टी त्याने एकमेकींपासून सोडवून दाखवायचा प्रयत्नच केला नाही. सरकार दयाळू होते की दुष्ट होते, या वादात तो फार रमत नाही. कोणत्या टेबलावर कोणता कागद होता, कोण तो भरत होते, आणि त्या कागदाने एका माणसाचे रोगी होणे व संशयित होणे एकाच वेळी कसे घडत होते, हे तो दाखवतो. नंतर त्याने अल्जिअर्समधल्या बी.सी.जी. लसीच्या चाचण्यांवर एक निबंध लिहिला. क्षयाची ही लस पाश्चर इन्स्टिट्यूटच्या काल्मेत आणि गेरँ यांची. तीवर युरोपात शंका उठत असताना वसाहतीतली माणसे पुराव्यासाठी उपयोगी पडली. तिथेही पद्धत तीच, टेबल आणि कागद.

या पुस्तकाचे उणेही सांगितले पाहिजे. त्याचे दप्तर बहुतांशी पोलिसांचे आणि सरकारी आहे. त्यामुळे मजूर पॅरिसला पोहोचतो तेव्हा तो दिसू लागतो. ज्या डोंगराळ काबिलीतून यांतले पुष्कळ जण आले, ते गाव दुरून दिसते. ते माणूस का पाठवते, परत आलेल्याला कसे घेते आणि रोगाला काय म्हणते, हे कानावर येत नाही. पोलिसाच्या कागदात ते असणारही नाही. आपल्याकडच्या इतिहासातही हीच पोकळी आहे, म्हणून हे लक्षात ठेवू.

आता १८९७ कडे वळतो. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टराने सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची वखार. पुढच्या काही महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक माणसे मुंबई सोडून गेली. त्या वेळी शहराची वस्ती आठ लाखांच्या घरात होती हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. गिरण्या ओस पडल्या. कोकणातले आणि घाटावरचे लोक आपापल्या गावी निघाले, तसे हजारो आपल्या बाजूलाही आले असणार. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. चार कलमांचा, एका पानावर मावेल असा कायदा. सगळे पुस्तककार त्याच्या कठोरपणाबद्दल लिहितात, पण त्याच्या मजकुराकडे नीट पाहावे. दुसऱ्या कलमात सरकारला जे अधिकार दिले त्यांत नाव घेऊन सांगितलेली गोष्ट घरझडतीची नाही. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्या माणसांची तपासणी, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ज्यांचा संशय येईल त्यांना इस्पितळात वा तात्पुरत्या जागेत वेगळे ठेवणे, ही ती गोष्ट आहे. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर पहिला माणूस होता तो प्रवासी. पुण्यातली झडती नंतरची.

असे का झाले याचे उत्तर निम्मे युरोपात आहे. सुएझचा कालवा १८६९ ला उघडला आणि मुंबई ते मार्सेय हे अंतर आगबोटीने फार कमी झाले. त्याआधी चारच वर्षे, १८६५ साली, हजच्या गर्दीत पटकी फुटून ती अलेक्झांड्रियामार्गे मार्सेयला पोहोचली होती. तेव्हापासून फ्रान्सने हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे रोगाचे जहाज म्हणूनच पाहिले. ब्रिटनला व्यापार अडायला नको होता आणि फ्रान्सला बंदरे बंद करायची होती. आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांचा इतिहास १८५१ च्या पॅरिस परिषदेपासून याच ओढाताणीचा आहे. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरली. हिंदुस्थानच्या मालावर निर्बंध येतील ही टांगती तलवार होती. त्या वर्षी हजला जाणाऱ्यांचा प्रवास सरकारने थांबवला. रोग बाहेर जाऊ देत नाही हे जगाला दिसेल असे काहीतरी करून दाखवायचे होते, आणि दिसण्याजोगी जागा म्हणजे बंदर आणि रेल्वे स्टेशन.

कल्याण स्टेशनावरच्या तपासणीची वर्णने पुष्कळ ठिकाणी मिळतात. गाडी थांबे, तिसऱ्या वर्गातली माणसे खाली उतरवून रांगेत उभी करत, नाडी पाहत, ताप पाहत, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपत. बायकांनाही सर्वांदेखत हे सोसावे लागे, त्यावरून वर्तमानपत्रांत गहजब झाला. पहिल्या वर्गाच्या साहेबाला मात्र डब्यातच बसल्या जागी पाहून जात. ज्याचे कपडे मळके, बोचके मोठे आणि चेहऱ्यावर जागरण, तो संशयित. दिवसभर चालून, दोन रात्री उपाशी बसून आलेला मजूर तापलेला नसेल तर दुसरे कोण असेल?

आता आपल्या इतिहासकारांकडे वळू. डेव्हिड अर्नोल्डचे ‘कोलोनायझिंग द बॉडी’ हे १९९३ चे पुस्तक या क्षेत्रातले मोठे पुस्तक आहे, आणि त्याच्याशी भांडायचे तरी आधी त्याचे ऋण मान्य करावे लागते. देवी, पटकी आणि प्लेग या तीन रोगांतून वसाहतीच्या वैद्यकाने हिंदी माणसाच्या देहावर कसा ताबा सांगितला, हे त्याने दाखवले. प्लेगच्या प्रकरणात तर देहावरचा हल्ला हाच मध्यवर्ती विचार आहे. स्त्रीचा देह, प्रेताचा देह, जातीच्या शिवाशिवीतला देह. पुण्यातला क्षोभ समजून घ्यायला हे उपयोगी आहे. पण त्यातला देह मला नेहमी घरात बसलेला वाटतो, उंबऱ्याच्या आत, जिथे कुणीतरी येऊन शिरते. रेल्वेची तपासणी त्याच्या पुस्तकात येते, पण फलाटावर गाडी थांबते आणि लगेच सुटते.

राजनारायण चंदावरकर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मांडणीला निराळी दिशा दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास त्यांनी आयुष्यभर लिहिला, २००६ साली ते अकाली गेले. त्यांचे म्हणणे असे की, लोकांनी विरोध केला तो पाश्चात्त्य औषधाची त्यांना परंपरेने घृणा होती म्हणून नव्हे. जे केले जात होते ते खरोखरच क्रूर, बिनकामाचे आणि गरिबावरच पडणारे होते म्हणून. आणि घबराट फक्त रयतेची नव्हती, ती साहेबांचीही होती. मला चंदावरकर जास्त पटतात. ९ मार्च १८९८ ला मुंबईत मदनपुऱ्यात दंगा उसळला तो एका विणकर कुटुंबातल्या मुलीला इस्पितळात न्यायला लोक आले तेव्हा. हे जुलाहे विणकर उत्तरेतून आलेले. १८५७ नंतर आग्रा रोडने जी विणकर मंडळी दक्षिणेला उतरली, त्यांनीच मालेगाव, भिवंडी आणि धुळ्याचे माग उभे केले. चंदावरकरांना तो दंगा कळतो, कारण त्यांना कामगार वस्ती कळते. पण त्यांचाही रंगमंच मुंबई आहे. आलेला माणूस त्यांना दिसतो, तो कोणत्या रस्त्याने आला आणि प्लेगच्या वर्षी त्याच रस्त्याने परत कुठवर गेला, हे त्यांच्या निबंधाच्या बाहेर राहते.

प्रशांत किदंबी यांनी पुढे दाखवले की, अधिकाऱ्यांच्या डोक्यात रोग माणसापेक्षा जागेला चिकटलेला होता. गलिच्छ चाळ म्हणजेच प्लेग. म्हणून १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि गरिबांच्या वस्त्या पाडल्या गेल्या. मृदुला रमण्णा यांनी दवाखाने, हिंदी डॉक्टर आणि दानशूर मंडळी यांचा तपशील फार कष्टाने गोळा केला. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावात मुंबई इलाखा आहे, पण वजन शहरांकडेच पडते. व्हेनिस आणि हज यांचा हिशोब हवा तर मार्क हॅरिसनचे १९९४ चे पुस्तक पाहावे. एकूण असे झाले आहे की जहाजाचा इतिहास एकाने लिहिला, चाळीचा दुसऱ्याने, घराचा तिसऱ्याने. जहाज आणि चाळ यांच्या मधला सातशे मैलांचा लोहमार्ग तेवढा राहून गेला.

या ठिकाणी रोझेनबर्गच्या पद्धतीचा उपयोग होतो. र्‍यू लकोंतच्या कचेरीत जे घडले ते कल्याणच्या फलाटावर अठ्ठावीस वर्षे आधी घडत होते. डॉक्टर आणि पोलीस एकाच रांगेपुढे उभे. माणूस आपल्याच देशात, आपल्याच सरकारच्या गाडीने जातो आहे, त्याला थांबवायला दुसरे कारण नाही. रोग हे कारण मिळाले. पण ही तुलना फार ताणू नये, हेही सांगतो. पॅरिसमध्ये वेगळे इस्पितळ वरून लादले गेले. मुंबईत प्लेगच्या काळात जातवार आणि पंथवार इस्पितळे निघाली ती लोकांनी मागितली म्हणून. भाटियांचे, जैनांचे, पारशांचे, मुसलमानांचे, आपापल्या माणसांच्या हाताखाली. तिथे वेगळेपण ही सक्तीतून काढलेली पळवाट होती. अर्थात ती पळवाट ज्यांच्या जातीत पैसा होता त्यांनाच होती. गावाहून आलेल्या सडाफटिंग मजुराला सरकारी इस्पितळ चुकत नव्हते.

आता पाश्चरचा धागा. प्लेगच्या मुंबईत तीन माणसे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या वाटेने आली. वाल्देमार हाफकिन ओदेसाचा ज्यू, रशियात त्याला वाव नव्हता, जिनिव्हामार्गे पॅरिसला गेला तेव्हा सुरुवातीला ग्रंथालयातली दुय्यम जागा मिळाली. १८९३ ला तो पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला, आपण बनवलेली प्लेगची लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. अलेक्झांद्र येर्सँ जन्माने स्विस, १८८९ ला फ्रेंच नागरिक झाला. हाँगकाँगला प्लेगचा जंतू त्याने १८९४ साली शोधला होता. मार्च १८९७ मध्ये रक्तद्रव घेऊन मुंबईत आला, पण त्या औषधाने अपेक्षेइतके काम केले नाही आणि तो निघून गेला. त्याच्या जागी आला पॉल-लुई सिमाँ, वसाहतींत हिंडलेला फ्रेंच लष्करी डॉक्टर. मुंबई, कच्छचे मांडवी आणि शेवटी कराची असे करत त्याने २ जून १८९८ ला कराचीत प्रयोगाने दाखवून दिले की उंदराचा प्लेग पिसवेमार्फत पसरतो.

गंमत पाहा. फ्रान्स मार्सेयच्या धक्क्यावर हिंदुस्थानी माणूस नको म्हणतो, आणि ज्या विज्ञानाच्या नावावर नको म्हणतो ते विज्ञान करणाऱ्यांत निम्मे लोक स्वतः परदेशातून पॅरिसला आलेले. हाफकिनचा पुढे काय छळ झाला तो सर्वश्रुत आहे. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल इथे लस टोचल्यानंतर १९ माणसे धनुर्वाताने दगावली, दोष त्याच्या प्रयोगशाळेवर आला, निर्दोष ठरायला पाच वर्षे गेली. लोक त्याला ‘छोटे ड्रेफस प्रकरण’ म्हणत. परेलच्या संस्थेला त्याचे नाव १९२५ ला दिले गेले.

पण आपल्या प्रश्नाला महत्त्वाचा आहे तो सिमाँ. त्याचे म्हणणे खरे धरले तर फलाटावरची काखा चाचपण्याची कसरत बहुतांश फोल ठरते. गाठ आलेला माणूस शेजाऱ्याला फारसा धोका नव्हता. धोका होता तो धान्याच्या पोत्यांत, कापडाच्या बोचक्यांत, गाठोड्यातल्या पिसवांत. पोती मालगाडीने निवांत पुढे जात होती. सिमाँचे म्हणणे १८९८-९९ च्या प्लेग कमिशनने बाजूला सारले. मुंबईत लिस्टन आणि नंतरच्या संशोधन कमिशनने ते सिद्ध करीपर्यंत दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत माणूस तपासला गेला आणि पोते गेले. यात वैज्ञानिक हेकटपणा होता, फ्रेंच डॉक्टराबद्दलची ब्रिटिश असूयाही असेल. पण मला वाटते आणखी एक गोष्ट होती. पोते अडवले तर व्यापारी ओरडतो, व्हेनिसला जे टाळायचे तेच घरी घडते. तिसऱ्या वर्गाचा माणूस ओरडला तर त्याला दोन तास जास्त उभे करता येते.

आणि सिमाँने जे प्रयोगाने सिद्ध केले, त्याच्या जवळ जाणारे काहीतरी आमच्या खेड्यांना डोळ्यांनी दिसत होते. ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग माझ्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होता. उंदीर पडले की गाव सोडायचे, हा नियम. भांडीकुंडी, धान्य, गुरे घेऊन मळ्यात नाहीतर खळ्यावर झोपड्या टाकायच्या आणि थंडी सरून उन्हे तापेपर्यंत तिथेच राहायचे. सरकारी भाषेत याला स्थलांतर छावणी म्हणत, आमच्याकडे ‘पिलोकात रानात गेलो होतो’ म्हणत.

‘पिलोक’ हा प्लेगचा खानदेशी अवतार. बहिणाबाई चौधरींची याच नावाची कविता आहे. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, जळगावला सासर असलेल्या बहिणाबाईंनी ही साथ ऐन संसारात पाहिली, त्यांचा मुलगा ओंकार प्लेगमुळे कायमचा अपंग झाला. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ ला निघाली तेव्हापासून समीक्षकांनी त्यांच्या कवितेतले शेत, संसार आणि तत्त्वज्ञान यांचे भरभरून कौतुक केले. ‘पिलोक’वर मात्र क्वचितच कुणी थांबते. तिच्यात उजाड पडलेले गाव आहे आणि खळ्यामळ्यांत एकमेकांना भेटणारी माणसे आहेत. मी ती कविता साथीच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. रोझेनबर्गला काबिलीच्या गावाचा आवाज त्याच्या पोलिसी दप्तरात मिळाला नाही. आमच्याकडे तो छापून तयार आहे, फक्त इतिहासकारांनी कवितेचे कपाट उघडलेले नाही.

आणि त्या कवितेतली हालचाल पाहिली की सगळ्या प्रकरणाचा उलगडा होतो. माणसांचे हलणे हीच गोष्ट सरकारला रोग वाटत होती आणि गावाला औषध वाटत होते. १८९८ नंतर सरकारने सक्ती सैल केली आणि गाव रिकामे करणे हा उपाय स्वतःच मान्य केला, त्याला उत्तेजन दिले. म्हणजे तोच शेतकरी मळ्यात निघाला तर शहाणा आणि गाडीत चढला तर संशयित. फरक अंतराचा नव्हता. मळ्यात गेलेला माणूस पाटलाच्या नजरेत राहतो, आपल्या जमिनीला बांधलेला राहतो. गाडीत चढलेला कुणाच्याच नजरेत राहत नाही. अर्नोल्डचा देह आणि चंदावरकरांचा वर्ग या दोहोंना हा मुद्दा पुरता पकडता येत नाही. त्यासाठी हलणारा माणूसच केंद्रस्थानी घ्यावा लागेल.

हे सगळे जुने झाले असे कुणी म्हणू नये. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने करोनासाठी कायदा लावला तो १८९७ चाच. त्यानंतरच्या आठवड्यांत आग्रा रोडने धुळ्यावरून उत्तरेकडे चालत जाणारी माणसे सगळ्यांनी पाहिली. आमच्याकडच्या गावांनी त्यांना पाणी दिले, भाकरी दिली, काही गावांनी वेशीवर काटेही टाकले. दोन्ही खरे. आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशचे. जालन्याहून निघाले होते आणि त्यांना भुसावळला यायचे होते, तिथून घरी जाणारी गाडी मिळेल या आशेने. माणसांच्या गाड्या बंद होत्या, मालाच्या चालू होत्या. त्या दिवसांत या कायद्यावर लिहिलेले पुष्कळ लेख मी वाचले, जवळजवळ प्रत्येकात रँड होता. कल्याणचा फलाट एकातही नव्हता.

मग साधने कोणती? राजवाड्यांच्या धुळ्यात जुना कागद म्हटला की शिवकाल आणि पेशवाई यांचाच मान, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ती परंपरा मोठी आहे. पण १८९७ नंतरचा आमचा सर्वांत बोलका कागद तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत पडून आहे. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचे रजिस्टर. कित्येक वह्या मोडीत आहेत. आजही तिथे रांग असते, जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचे नाव शोधणाऱ्यांची. मोडी वाचणारा माणूस बोट फिरवत नावापर्यंत येतो, जातीचा रकाना वाचतो, नक्कल मिळते, वही मिटते. त्याच ओळीत मरण कशाने आले याचीही नोंद असते. तालुक्यातल्या पाच-सात गावांच्या १८९७ ते १९१० या काळातल्या वह्या घ्याव्यात, त्या रकान्यातल्या प्लेगच्या नोंदी तारखेनुसार लावाव्यात, मेलेला माणूस गावचा की परगावचा हे पाहावे, आणि ते गाव स्टेशनापासून किती कोसांवर आहे ते शेजारी लिहावे. मोडी येणारी दोन माणसे आणि एक उन्हाळा एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. यावल आणि रावेर तालुक्यांपासून सुरुवात करायचे मी ठरवले आहे. वाचकांपैकी कुणाला मोडी येत असेल तर अमळनेर-चोपड्याची बाजू त्यांनी घ्यावी.